फ्रेंच व्याकरण वाचणारा मुलगा

१८८१ सालच्या उन्हाळ्यात बुकर टी. वॉशिंग्टन नावाचा पंचविशीतला एक शिक्षक खेचराच्या गाडीतून अलाबामा राज्यातली खेडी पालथी घालत होता. अमेरिकेतली गुलामगिरी संपून सोळा वर्षं झाली होती. टस्कीगी या गावात कृष्णवर्णीयांसाठी शिक्षक तयार करणारी शाळा काढायचं काम त्याच्यावर सोपवलेलं होतं. ती उघडण्याआधी आसपासचे लोक कसे राहतात, काय खातात, पोरांना काय शिकवतात, हे त्याला डोळ्यांनी पाहायचं होतं. या फिरतीत दिसलेली एक गोष्ट त्याने वीस वर्षांनी आत्मचरित्रात लिहून ठेवली. एका खोलीचं खोपट. अंगणात तण माजलेलं, घरात घाण. आणि कुठल्याशा हायस्कुलात जाऊन आलेला एक तरुण मळक्या, तेलकट कपड्यांत बसून फ्रेंच भाषेचं व्याकरण वाचतोय. त्या महिन्याभरात पाहिलेल्या सगळ्यांत उदास करणाऱ्या दृश्यांमध्ये वॉशिंग्टन या दृश्याची गणना करतो.

वाचताना आपण सहज मान डोलावतो. आधी अंगण झाडावं, मग फ्रेंच शिकावं, हे कुणाला पटणार नाही? पण दोन मिनिटं थांबलं की वेगळेच प्रश्न पडायला लागतात. या पोराकडे फ्रेंच व्याकरणाचं पुस्तक आलं कुठून? ते हायस्कूल कुणी काढलं? त्याची फी कुणी भरली? याच अलाबामात १८३२च्या कायद्यानुसार गुलामाला, किंवा गुलाम नसलेल्या कृष्णवर्णीय माणसालासुद्धा, अक्षरओळख करून देणाऱ्याला २५० ते ५०० डॉलर दंड होता. जिथे वाचणं शिकवणं हा गुन्हा होता, तिथे गुलामगिरी संपल्यावर सोळा वर्षांत एक पोरगा खोपटात बसून परकी भाषा शिकतोय! वॉशिंग्टनला त्याच्या कपड्यांवरचे डाग दिसले. हातातलं पुस्तक तिथवर कसं पोचलं, हे त्याने विचारलं नाही.

‘अप फ्रॉम स्लेव्हरी’ हे १९०१चं पुस्तक आजही जगभर वाचलं जातं. मोटिव्हेशनल व्हिडिओवाले त्याची पाच मिनिटांत ‘समरी’ देतात, यशस्वी लोकांच्या वाचनयाद्यांत ते असतं. गुलाम म्हणून जन्मलेल्या माणसाने शून्यातून शिक्षणसंस्था उभी केली, अशी ती गोष्ट आहे. आमच्या क्षेत्रात अशा गोष्टीला ‘फाउंडर स्टोरी’ म्हणतात, आणि या प्रकारातलं इतकं उत्तम लिहिलेलं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही. माझी तक्रारही तिथूनच सुरू होते. मुक्त झालेल्या गुलामांच्या शाळा एका संस्थापकाची गोष्ट म्हणून सांगितल्या की त्यातून कोण कोण गळतं आणि त्या गळतीने पुढे काय बिघडतं, हे मला या पुस्तकावर बोलताना पाहायचं आहे.

आधी पुस्तकाचं देणं देऊन टाकतो. वॉशिंग्टनचं गद्य साधं आहे आणि तपशील निवडायची त्याची नजर फार पक्की आहे. टस्कीगीची शाळा ४ जुलै १८८१ला सुरू झाली तेव्हा तिच्याकडे ना जमीन होती ना इमारत. राज्य सरकारने वर्षाला दोन हजार डॉलर मंजूर केले होते, तेही फक्त पगारापुरते. वर्ग भरायचा चर्चशेजारच्या मोडक्या झोपडीत. पाऊस आला की एखादा मोठा विद्यार्थी उठून मास्तरच्या डोक्यावर छत्री धरायचा आणि पाठ पुढे चालू राहायचा. मग ओसाड पडलेला एक मळा उधारीवर घेतला, त्यातला कोंबड्यांचा खुराडा साफ करून तिथे वर्ग बसवला. इमारतीसाठी विटा पाहिजेत म्हणून विटांची भट्टी लावली. पहिली फसली, दुसरी फसली, तिसरीही फसली. चौथीसाठी पैसे नव्हते, तर वॉशिंग्टनने माँटगोमेरीला जाऊन घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकलं. चौथी भट्टी जमली. विटांचं हे प्रकरण मी तीनदा वाचलंय. चिखलात गुडघाभर उभं राहायला विद्यार्थी कसे नाखूश होते, ते तो न लपवता सांगतो.

शाळेसाठी चाललेली वर्गणी ऐकून सत्तरीची एक म्हातारी येते. आयुष्याची उमेदीची वर्षं गुलामगिरीत गेलेली, अंगावर चिंध्या. आपल्याकडे पैसे नाहीत म्हणून ती सहा अंडी ठेवून जाते. टस्कीगीसाठी पुढे आयुष्यभर मोठमोठ्या देणग्या मिळाल्या, पण या देणगीइतकं मन कशानेच हललं नाही, असं वॉशिंग्टन म्हणतो.

मला त्याचं म्हणणं खरं वाटतं. तरीही पुस्तकाची रचना पाहा. ती म्हातारी एका परिच्छेदात येते आणि जाते. तिला नावही नाही. उत्तरेकडच्या गोऱ्या देणगीदारांना मात्र पानंच्या पानं मिळतात, आणि त्यांच्याकडे मागायला कसं जावं, किती नम्र असावं, आभाराचं पत्र कसं लिहावं, याचीही शिकवण मिळते. कारण उघड आहे. हे पुस्तक आधी ‘आउटलुक’ या साप्ताहिकात क्रमशः छापलं गेलं आणि ते मुख्यतः त्याच देणगीदारांनी वाचावं म्हणून लिहिलेलं होतं. अँड्र्यू कार्नेगीने १९०३मध्ये टस्कीगीला सहा लाख डॉलर दिले. एका अर्थाने हे पुस्तक म्हणजे साहित्याच्या इतिहासातलं सर्वांत यशस्वी ‘पिच डेक’ आहे. आणि पिच डेकमध्ये ‘आमच्या आधी इथे बरंच काही होतं’ अशी स्लाइड कुणी घालत नाही.

पण वॉशिंग्टन प्रामाणिक लेखक आहे, त्यामुळे ते आधीचं काही पुस्तकात झिरपतंच. त्याच्या लहानपणाचं प्रकरण घ्या. मुक्तीनंतर त्याचं कुटुंब माल्डनला, मिठाच्या भट्ट्यांच्या गावी आलं. सावत्र बापाच्या पिंपांवर १८ हा आकडा घातलेला असायचा. तो बुकरच्या ओळखीचा पहिला आकडा. आईने कुठूनतरी निळ्या पुठ्ठ्याचं स्पेलिंगचं पुस्तक पैदा केलं. आसपासच्या त्यांच्या लोकांत कुणालाच वाचता येत नव्हतं, तेव्हा पोराने ते स्वतःच्या स्वतः झटापट करून वाचायला सुरुवात केली. मग गावातल्या कृष्णवर्णीयांनी आपसांत बैठका घेतल्या, की शाळा पाहिजे. सरकारचा एक पैसाही नव्हता. ओहायोहून आलेला एक तरुण माजी सैनिक मास्तर म्हणून ठेवला. ठरलं असं की प्रत्येक कुटुंबाने महिन्याला काही रक्कम द्यायची आणि मास्तरने रोज एकेका घरी जेवायचं-राहायचं. आपल्याकडे माधुकरी होती तशी ही वारांची पाळी. ज्या दिवशी मास्तर घरी येणार त्या दिवशी जेवण चांगलं असायचं, म्हणून छोटा बुकर त्या दिवसाची वाट पाहायचा. या दोन पानांत त्या काळाची सगळी अर्थव्यवस्था आहे. मिठाच्या भट्टीवर राबणारी, बहुतेक निरक्षर माणसं खिशातून पैसे काढून आणि स्वतःच्या ताटातलं वाढून एक शाळा चालवतात. मग ‘संस्थापक’ कोण? माल्डनच्या शाळेला तो शब्द लावताच येत नाही.

टस्कीगीतही तेच. पहिल्या दिवशी तीसेक विद्यार्थी आले. त्यांतले बहुतेक जण आधीच सरकारी शाळांत शिकवत होते, काही तर चाळिशीला टेकलेले. वॉशिंग्टन त्यांची थोडी चेष्टा करतो. यांनी मोठमोठ्या नावांचे विषय घोकलेत, बँकिंग आणि हुंडीच्या वट्ट्याची गणितं सोडवलीत, पण पंचक्रोशीत एकाचंही बँकेत खातं नाही! विनोद बरा आहे. पण त्याखालची बातमी मोठी आहे. ‘शून्यातून’ उभ्या राहिलेल्या या शाळेचे पहिले विद्यार्थी स्वतः शिक्षक होते. म्हणजे त्या जिल्ह्यात शाळा होत्या, त्यांत मुलं होती, कुणीतरी त्यांना बँकेची गणितं शिकवण्याइतकं शिकवलेलं होतं. फ्रेंच व्याकरणवाला पोरगा असल्याच कुठल्यातरी वर्गातून आला असणार.

ही आधीची गोष्ट ज्या पुस्तकांनी सांगितली त्यांत दोन मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. जेम्स डी. अँडरसनचं ‘द एज्युकेशन ऑफ ब्लॅक्स इन द साउथ, १८६०–१९३५’ (१९८८) आणि हेदर अँड्रिया विल्यम्सचं ‘सेल्फ-टॉट’ (२००५). अँडरसन वाचायला रुक्ष आहे, तक्ते आणि टक्केवाऱ्या फार. झोपायच्या आधी वाचायचं ते पुस्तक नव्हे. पण ‘अप फ्रॉम स्लेव्हरी’नंतर ते वाचणं म्हणजे एखाद्या सॉफ्टवेअरची चकचकीत वेबसाइट पाहून झाल्यावर त्याचा कमिट लॉग उघडण्यासारखं आहे. कुणी कधी काय भर घातली ते ओळीने दिसायला लागतं.

गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या मदतीसाठी काँग्रेसने १८६५मध्ये फ्रीडमन्स ब्युरो हे खातं काढलं. त्याचा शाळा निरीक्षक जॉन आल्व्हर्ड त्याच वर्षी दक्षिणेत फिरायला निघाला. शाळा कुठे कुठे काढाव्या लागतील ते पाहायला तो गेला होता. त्याला आढळलं काय, तर जिथे उत्तरेचा एकही मिशनरी किंवा अधिकारी पोचला नव्हता अशा ठिकाणी शाळा आधीच भरत होत्या. कृष्णवर्णीयांनीच काढलेल्या, त्यांच्याच शिक्षकांच्या. अशा किमान ५०० शाळा असतील असा त्याचा अंदाज होता. नॉर्थ कॅरोलायनात गोल्ड्सबरो इथे दोन तरुण त्याला भेटले. ते स्वतःच नुकतेच वाचायला शिकले होते आणि दीडशे जणांना शिकवत होते. जेवढं येतं तेवढं पुढच्याला द्यायचं, एवढीच त्यांची ‘पद्धत’.

सव्हाना शहरात डिसेंबर १८६४मध्ये शर्मनचं सैन्य शिरलं. पुढच्याच महिन्यात तिथल्या कृष्णवर्णीय पाद्र्यांनी स्वतःचं शिक्षण मंडळ स्थापन केलं, वर्गणी गोळा केली, आपल्याच शिक्षकांची परीक्षा घेऊन त्यांना नेमलं आणि सुमारे ५०० मुलांना बसवलं. एक शाळा भरत होती ब्रायन नावाच्या व्यापाऱ्याच्या इमारतीत, जिथे महिन्यापूर्वीपर्यंत माणसांचा लिलाव होत असे. उत्तरेतून आलेल्या मिशनरी संस्थेला हे आवडलं, पण शाळांचा कारभार या लोकांच्याच हाती राहावा ही त्यांची अट काही तिच्या पचनी पडली नाही. मदत हवी, मालक नको, असा तो वाद होता. पैसे कमी पडत गेले तसा कारभार हळूहळू संस्थेकडे सरकला.

आणि लुइझियाना. तिथे लष्करी अंमलात कर बसवून कृष्णवर्णीयांच्या शाळा चालवल्या जात होत्या. युद्ध संपल्यावर तो कर थांबवला गेला, शाळा बंद पडायची वेळ आली. तेव्हा लोकांनी सरकारकडे अर्ज केला, की आमच्यावर वेगळा कर लावा पण शाळा चालू ठेवा. एक अर्ज सुमारे तीस फूट लांब होता आणि दहा हजार लोकांच्या वतीने केलेला. सहीच्या जागी बहुतेकांनी फुली मारलेली होती. नाव लिहिता न येणारी हजारो माणसं स्वतःवर कर लावून घ्यायला रांगेत उभी आहेत, असा प्रसंग मी दुसऱ्या कुठल्या देशाच्या इतिहासात वाचलेला नाही.

या सगळ्यातून डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइसने मोठा निष्कर्ष काढला. ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ (१९३५) या जाडजूड पुस्तकात सार्वजनिक शाळेच्या स्थापनेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा दावा असा, की दक्षिणेत सर्वांसाठी, सरकारी खर्चाने चालणारी शाळा ही मुळात मुक्त झालेल्या गुलामांची मागणी होती. युद्धाआधी मळेवाल्या जमीनदारांना ती नको होती आणि गरीब गोऱ्यांना ती मागायची हिंमत नव्हती. १८६८च्या सुमारास नव्या राज्यघटना लिहायला कृष्णवर्णीय प्रतिनिधी बसले तेव्हा ती कलमं आली. साउथ कॅरोलायनाच्या घटनासभेत तर तेच बहुसंख्य होते. गोऱ्या शेतकऱ्यांच्या पोरांना मिळालेली मोफत शाळासुद्धा त्यांचीच देणगी, असा त्याचा अर्थ होतो. १९३५मध्ये हे म्हणणं म्हणजे अमेरिकी विद्यापीठांतल्या सगळ्या मान्यवर इतिहासकारांच्या तोंडावर म्हणणं होतं. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत हे प्रतिनिधी अडाणी आणि भ्रष्ट विदूषक म्हणून रंगवलेले असत. वॉशिंग्टननेही आत्मचरित्रात त्या काळाचं वर्णन त्याच सुरात केलंय. लोकांना दोनच वेडं लागली होती, ग्रीक-लॅटिन शिकायचं आणि सरकारी पद मिळवायचं, असं तो म्हणतो.

मराठी वाचकाला या विषयाकडे येताना एक वाट आधीपासून माहीत असते. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. ही अर्पणपत्रिका इंग्रजीत छापलेली आहे, पण तिचा रोख इथल्या उच्चवर्णीयांवर आहे: त्यांनी तिकडे केलं, तुम्ही तुमच्या शूद्र बांधवांसाठी करा. त्या रोखासाठी तिला ‘सोडवणारे’ हवे होते, आणि ते बरोबरच आहे. मात्र आपल्या मनात अमेरिकेची गोष्ट तिथेच थांबून राहिली. मुक्ती कुणी दिली ते आपल्याला पाठ आहे, मुक्त झाल्यावर त्यांनी काय केलं ते नाही. अर्पणपत्रिका छापली गेली त्या वर्षी सतरा वर्षांचा बुकर हॅम्प्टनच्या शाळेत झाडू मारून फी भागवत होता आणि दक्षिणेतल्या काही राज्यांत कृष्णवर्णीय आमदार शाळांच्या अंदाजपत्रकावर भांडत होते. जोतीराव स्वतः शाळा काढणारे, शिकवणारे, शिकवण्यासाठी घर सोडावं लागलेले. ही दुसरी गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचती तर त्यांनी तिच्यावर काय लिहिलं असतं, असं राहून राहून मनात येतं.

हॅम्प्टनचंच घ्या. वॉशिंग्टनच्या पुस्तकात हॅम्प्टन म्हणजे जनरल सॅम्युएल आर्मस्ट्राँग. हवाई बेटांवरच्या मिशनरी कुटुंबातला हा गोरा लष्करी अधिकारी वॉशिंग्टनला जवळजवळ देवासारखा. आर्मस्ट्राँगने १८६८मध्ये ती संस्था काढली हे खरंच आहे. पण त्याच गावात, सप्टेंबर १८६१मध्ये, मेरी पीक नावाची कृष्णवर्णीय बाई एका ओकच्या झाडाखाली मुलांना शिकवायला बसली होती. युद्धाआधी ती कायदा चुकवून लपूनछपून शिकवत असे. क्षयाने पोखरलेली; शेवटी शेवटी अंथरुणावर पडून शिकवायची. फेब्रुवारी १८६२मध्ये गेली. ते झाड आजही हॅम्प्टन विद्यापीठाच्या आवारात आहे.

मग बाहेरून आलेल्यांना सरसकट बाजूला सारायचं का? तसंही करता येत नाही, आणि ते कळायला शार्लट फोर्टन वाचावी. फिलाडेल्फियाच्या सुखवस्तू, पिढ्यान्‌पिढ्या मुक्त असलेल्या कृष्णवर्णीय घरातली ही मुलगी १८६२मध्ये साउथ कॅरोलायनाच्या सेंट हेलेना बेटावर शिकवायला गेली. मळ्यांचे मालक आदल्या वर्षी नौदलाची जहाजं पाहून पळून गेले होते, गुलाम मागेच राहिले होते. १८६४च्या मे-जूनमध्ये ‘अटलांटिक मंथली’त तिचा ‘लाइफ ऑन द सी आयलंड्स’ हा लेख आला. तिची नजर बाहेरचीच आहे. मुलांची बोली तिला गमतीची वाटते, कपड्यांवर ती टिप्पणी करते. काही ठिकाणी तर आपल्याकडच्या शहरी कार्यकर्त्यांच्या आदिवासी पाड्यावरच्या फेसबुक पोस्टची आठवण होते. पण वर्गातले तपशील अस्सल आहेत. मोठी भावंडं तान्ह्यांना कडेवर घेऊन येतात, कारण ती सांभाळायला दुसरं कुणी नाही. पाठ चालू असताना बाळ रडायला लागतं. दिवसभर शेतात राबलेली मोठी माणसं अक्षरं शिकायला पाहतात. आणि तिच्या डायरीत एक नोंद आहे: आज मुलांना तूसाँबद्दल सांगितलं. हैतीमध्ये गुलामांचं बंड यशस्वी करणारा तूसाँ लूव्हेर्त्यूर. एबीसीडीच्या वर्गात, कालपर्यंत विकल्या जाणाऱ्या मुलांना, आपल्या रंगाच्या माणसाने काय केलं ते त्यांना कळलं पाहिजे म्हणून ती तो सांगते.

तूसाँ शिकवायचा की वीट पाडायला शिकवायचं, हा प्रश्न ‘शाळा कुणाची’ या प्रश्नाला चिकटूनच येतो. अँडरसनचा सर्वांत बोचरा युक्तिवाद इथे आहे. हॅम्प्टन-टस्कीगीचं ‘औद्योगिक शिक्षण’ म्हणजे सुतारकी-लोहारकी शिकवणारं आयटीआय, असं आपल्याला वाटतं. अँडरसन दाखवतो की हॅम्प्टन मुख्यतः शिक्षक तयार करत होतं, आणि अंगमेहनतीचा उद्देश हे होऊ घातलेले शिक्षक एका विशिष्ट वळणाचे व्हावेत हा होता. मेहनत करा, मतदानाच्या भानगडीत पडू नका, आहे त्या जागी नीट राहा, हे त्यांनी पुढे गावोगावी शिकवावं. उत्तरेच्या भांडवलदारांना आणि दक्षिणेच्या जमीनदारांना, दोघांनाही हे चालणारं होतं. लुइझियानात फुल्या मारणाऱ्यांनी जे मागितलं होतं, ते हे नक्कीच नव्हतं.

फ्रेंच व्याकरणवाल्या पोरावर ड्युबॉइसही थांबला आहे. ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ (१९०३) मध्ये वॉशिंग्टनवर जे प्रसिद्ध टीकेचं प्रकरण आहे, त्यात तो या दृश्याचा उल्लेख करून म्हणतो की सॉक्रेटिस आणि असिसीचा संत फ्रान्सिस याला काय म्हणाले असते कुणास ठाऊक. टोमणा अचूक आहे: त्या दोघांच्याही कपड्यांना कुणी स्वच्छ म्हटलं नसतं. पण मला ते प्रकरण त्या पुस्तकातलं सर्वोत्तम वाटत नाही. त्याच्या पुढचंच, टेनेसीतल्या खेड्यात शिकवण्याच्या अनुभवावरचं प्रकरण जास्त मोठं आहे. १८८६-८७च्या उन्हाळ्यात, विद्यापीठात शिकत असताना, ड्युबॉइस तिथे मास्तर होता. शाळा म्हणजे एका कर्नलची मका साठवायची लाकडी खोली. मास्तरची खुर्ची घरमालकिणीकडून उसनी आणलेली, रोज संध्याकाळी परत करायची. नेमणूक पक्की झाली त्या दिवशी गोऱ्या अधिकाऱ्याने जेवायला थांबवून घेतलं. आधी ते जेवले, मग हा, एकटा. पेरणी-कापणीच्या दिवसांत मुलं यायची बंद झाली की ड्युबॉइस घरोघर जाऊन आईबापांना समजवायचा. सिसेरोचं एक भाषण सोप्या इंग्रजीत करून सांगायचा, आणि आठवडाभर तरी मुलं परत यायची. सिसेरो! त्या घरांतल्या आयांना रोमन वक्तृत्वाचं काय पडलं होतं? पण पोरगं शाळेत काहीतरी भारी शिकतंय, एवढं त्यांना कळायचं आणि त्यांना ते हवं होतं.

त्याला शाळा मिळवून देणारी वीस वर्षांची जोसी सगळ्या कुटुंबाचा भार उचलत, शिकायचं स्वप्न पुढे ढकलत राहते. दहा वर्षांनी ड्युबॉइस परत जातो तेव्हा ती मेलेली असते. मक्याच्या खोलीच्या जागी फळ्यांची नवी शाळा उभी असते. तिच्याकडे पाहून प्रगती या शब्दाचं काय करायचं, ते त्याला कळत नाही. ‘अप फ्रॉम स्लेव्हरी’त अशी जोसी नाही. तिथे जो कष्ट करतो तो वर येतोच. जोसीने कष्ट कमी केले नव्हते.

ड्युबॉइसच्याही मर्यादा आहेत. मोजक्या हुशारांनी बाकीच्यांना वर ओढावं, ही त्याची त्या वेळची कल्पना ऐकायला आज अवघड जाते. हार्वर्डची पीएचडी घेतलेला, मॅसॅच्युसेट्समध्ये मुक्त जन्मलेला माणूस आहे तो. वॉशिंग्टन गोणपाटाच्या चिंध्यांवर झोपलेला. दक्षिणेत राहून शाळा चालवण्याचा अर्थ त्याला शरीराने माहीत होता. १८६६मध्ये मेम्फिसला गोऱ्यांच्या जमावाने ४६ कृष्णवर्णीयांना मारलं आणि त्यांच्या बारा शाळा जाळल्या. ज्या समाजात शाळेची इमारत दिसली की ती पेटवावीशी वाटणारे लोक शेजारी राहतात, तिथे ‘आम्ही फक्त विटा पाडतो, साहेब’ असं म्हणत इमारत उभी करणं याला भेकडपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि १९१२पासून टस्कीगीतूनच सुरू झालेल्या रोझेनवाल्ड योजनेतून वीस वर्षांत दक्षिणेच्या खेड्यांत पाच हजारांच्या आसपास शाळा उभ्या राहिल्या. अर्थात त्यांवरही नाव लागलं ते शिकागोच्या उद्योगपतीचं. अँडरसनचे रुक्ष तक्ते इथे कामी येतात: खेड्यातल्या कृष्णवर्णीयांनी रोखीने दिलेली वर्गणी रोझेनवाल्डच्या वाट्यापेक्षा जास्त होती. हे लोक सरकारला करही भरतच होते, ज्यातून गोऱ्यांच्या शाळा चालत. जमीन, लाकूड आणि मजुरी दिली ती वेगळीच.

आता टस्कीगीच्या मुळाशी जाऊ. ते दोन हजार डॉलर अलाबामाच्या सरकारने का मंजूर केले? आत्मचरित्रात वॉशिंग्टन दोन माणसांचे आभार मानतो, गोरा बँकर जॉर्ज कॅम्पबेल आणि लुइस अॅडम्स. अॅडम्स आधी गुलाम होता. चांभारकाम, खोगीरकाम, पत्र्याचं काम या तिन्हींत तरबेज. वॉशिंग्टनसाठी अॅडम्स म्हणजे हातात कसब असलं की माणूस कसा भरवशाचा होतो याचं उदाहरण. इतिहासकार जे सांगतात त्यात अॅडम्सचं दुसरंच कसब दिसतं. १८८०च्या निवडणुकीत राज्याच्या सिनेटसाठी उभा असलेला डब्ल्यू. एफ. फॉस्टर, गुलामांचे मळे राखायला लढलेल्या सैन्यातला माजी अधिकारी, अॅडम्सकडे आला आणि म्हणाला, तुझ्या लोकांची मतं मिळवून दे, काय पाहिजे ते माग. अॅडम्सने शाळा मागितली. फॉस्टर निवडून आला आणि १८८१च्या फेब्रुवारीत विधेयक मंजूर झालं. टस्कीगीची शाळा मतांच्या बदल्यात आली होती. ज्या राजकारणाच्या वेडाबद्दल वॉशिंग्टन नाक मुरडतो, त्याच राजकारणाने त्याला पहिला पगार मिळवून दिला होता.

‘अप फ्रॉम स्लेव्हरी’ पुस्तकरूपात आलं त्या १९०१ सालीच अलाबामाने नवी राज्यघटना केली. मालमत्ता, साक्षरता, ‘चारित्र्य’ अशा चाळण्या लावून तिने कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ पुसून टाकला. लुइस अॅडम्सच्या हातात होतं ते नाणंच चलनातून गेलं. जाहीरपणे वॉशिंग्टन सौम्यच राहिला. पडद्यामागे मात्र माँटगोमेरीच्या जॅक्सन जाइल्सने या घटनेविरुद्ध लढवलेल्या खटल्याचा खर्च तो गुपचूप पुरवत होता. वकिलाशी पत्रव्यवहार सांकेतिक नावांनी चालायचा. देणगीदारांना हे कळलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना त्याला असणारच. एप्रिल १९०३च्या तिसऱ्या आठवड्यात ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ प्रसिद्ध झालं. वॉशिंग्टनने आपल्या लोकांना राजकीय सत्तेवरचा हक्क सोडायला सांगितलं, असा आरोप त्यात होता. २७ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने जाइल्सचा खटला फेटाळला.